मुदतीआधी घर सोडलं म्हणून डिपॉझिट बुडत नाही

जळगावात किंवा धुळ्यात भाड्याने घर घेताना सहीसाठी जो कागद पुढे येतो, त्यात शेवटाकडे एक कलम हटकून असतं. मुदतीपूर्वी जागा सोडली तर अनामत रक्कम परत मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या टेबलावर किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात साठवलेल्या नमुन्यात हे कलम कधीतरी शिरलं. तेव्हापासून नाव, पत्ता आणि भाडं बदलत तोच नमुना एका हातातून दुसऱ्या हातात जातोय. सही करणाऱ्याचं लक्ष भाड्याच्या आकड्याकडे आणि पाणी किती दिवसांनी येतं याच्याकडे असतं. ते कलम तो वाचतो घर सोडायच्या दिवशी, आणि तेही मालक त्यावर बोट ठेवतो म्हणून.

तो दिवस बहुधा मे महिन्यातला असतो. गणेश कॉलनीतल्या, रामानंद नगरातल्या किंवा धुळ्याच्या देवपुरातल्या एखाद्या दुमजली घराखाली टेम्पो उभा असतो. गादी सुतळीने आवळलेली, फ्रीज आडवा करायचा की उभा न्यायचा यावर हमालांचा वाद चाललेला. वर रिकाम्या खोलीत मालक भिंतीवरचे खिळे बघत फिरतात, नळ सोडून बघतात, मीटरचं रीडिंग मोबाइलमध्ये टिपून घेतात. भाडेकरू विचारतो, ‘काका, डिपॉझिटचं?’ उत्तर ठरलेलं असतं. ‘तुम्ही मधेच चालले ना भाऊ, मग डिपॉझिट कसलं? ॲग्रीमेंटमध्ये लिहेल आहे.’ खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवतो. बायको पोराला घेऊन पुढे बसलेली असते. किल्ली मालकाच्या हातात जाते आणि पंचवीस-तीस हजार रुपये तिथेच राहतात.

या उत्तरामागची भूमिका एकट्या मालकांची नाही. घर दाखवणारे दलाल हेच सांगतात, शेजारीपाजारी हेच सांगतात, आणि पैसे गमावलेला भाडेकरूही पुढच्या वेळी दुसऱ्याला हेच सांगतो. करार म्हणजे करार, मोडला तर डिपॉझिट जाणारच, अशी ती सर्वमान्य समजूत आहे. ती चुकीची आहे. कायद्याच्या नजरेतून ती टिकत नाही आणि व्यवहाराच्या हिशेबातही टिकत नाही.

ही समजूत आली कुठून, हे आधी बघायला हवं, कारण ती कुणी खोटेपणाने पसरवलेली नाही. खानदेशात सौदा म्हटला की इसार आला. शेतजमीन असो, बैलजोडी असो, नाहीतर कापसाचा व्यवहार असो, बोली पक्की झाल्याची खूण म्हणून हातावर रक्कम ठेवायची आणि जो फिरेल त्याने ती गमवायची. शेकडो वर्षांच्या व्यवहारातून ही रीत अंगात मुरली आहे. घरभाड्याच्या वेळी मालकाच्या हातावर ठेवलेली रक्कम दिसायला अगदी तशीच असते, म्हणून तिला तोच न्याय लावला जातो. पण इसार आणि अनामत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इसार ही शब्द पाळण्याची हमी असते. अनामत हे तारण असतं. भाडं थकलं, लाइट बिल राहिलं, खिडकीची काच फुटली, तर त्याची भरपाई करायला मालकाजवळ ठेवलेले भाडेकरूचे पैसे. ‘अमानत’ या मूळ शब्दाचा अर्थच दुसऱ्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव असा आहे.

हा फरक शब्दांचा खेळ वाटत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा 1963 सालचा फतेहचंद विरुद्ध बाळकिशनदास हा निकाल बघावा. दिल्लीतल्या एका मालमत्तेचा सौदा 1,12,500 रुपयांना ठरला होता. खरेदीदाराने इसार म्हणून 1,000 रुपये दिले आणि पुढे किमतीपोटी 24,000 रुपये भरले. व्यवहार फिसकटला. खरेदीदार चुकला तर सगळे 25,000 रुपये जप्त, असं करारात साफ लिहिलं होतं. न्यायालयाने 1,000 रुपये विकणाऱ्याला ठेवू दिले. 24,000 रुपये जप्त करण्याची अट मात्र दंडात्मक ठरवली आणि प्रत्यक्ष नुकसानीपुरती वाजवी भरपाई मिळेल, असं सांगितलं. इसार आणि इतर रक्कम यांच्यातली रेघ त्या निकालाने इतकी स्पष्ट ओढली आहे. साठ वर्षं उलटून गेली, तरी आपल्याकडच्या भाडेकराराच्या नमुन्यात ती पोचलेली नाही.

या निकालाच्या मुळाशी 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 74 आहे. करार मोडल्यावर किती रक्कम द्यायची हे करारातच लिहिलेलं असलं, किंवा दंडाची दुसरी कुठली अट असली, तरी दुखावलेल्या बाजूला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. म्हणजे करारातले 30,000 रुपये हे मालकाचं ठरलेलं येणं होत नाही. त्याहून जास्त मागता येणार नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

1969 सालचं मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार हे प्रकरण तर बटाट्यांचं होतं. उत्तर प्रदेशातल्या लष्करी मुख्यालयाला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासळी पुरवण्याचे दोन ठेके एका ठेकेदाराने घेतले होते. अनामत होती 10,000 आणि 8,500, मिळून 18,500 रुपये. पुरवठा नीट झाला नाही, सरकारने ठेके रद्द केले आणि अनामत जप्त केली. करारात तशी तरतूद होतीच. सर्वोच्च न्यायालयाने ती जप्ती मान्य केली नाही. बटाटे दुसरीकडून घेताना सरकारला किती जास्त पैसे मोजावे लागले, हे बाजारभावावरून सहज दाखवता आलं असतं. सरकारने ते दाखवलंच नाही. नुकसान मोजता येत असेल तर मोजून दाखवा, मगच पैसे ठेवा, हा त्या निकालाचा गाभा. समोर प्रत्यक्ष सरकार असताना न्यायालयाने हे म्हटलं, मग घरमालकाला वेगळी सवलत कशी मिळेल?

आणि 2015 सालचं कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण. 1982 साली लिलावात एका भूखंडाला 3.12 कोटींची बोली लागली. प्राधिकरणाने 78 लाख रुपये इसार घेतला आणि पुढे तो जप्त केला. 1994 साली तोच भूखंड 11.78 कोटींना विकला गेला. न्यायालयाने विचारलं, नुकसान कुठे आहे? जे झालंच नाही त्याची भरपाई कशी? 78 लाख व्याजासह परत करण्याचा आदेश निघाला. एक अपवाद याच निकालात सांगितला आहे. नुकसान झालंय पण ते सिद्ध करणंच अशक्य किंवा अवघड असेल, तर करारातला आकडा, तो खरोखरच प्रामाणिक अंदाज असेल तर, धरता येतो. मालकांच्या बाजूने बोलणारे या अपवादावर बोट ठेवू शकतात. पण घर किती दिवस रिकामं राहिलं, हे मोजण्यात अवघड ते काय? जुन्या भाडेकरूने किल्ली दिल्याची तारीख आणि नवा राहायला आल्याची तारीख. भिंतीवरचं कालनिर्णय त्याला पुरतं.

हे निकाल विक्रीचे आणि पुरवठ्याचे आहेत, घरभाड्याचे नाहीत, असा आक्षेप निघेल. कलम 74 कुठल्याही एका धंद्याच्या करारापुरतं लिहिलेलं नाही, ते सगळ्याच करारांना लागू आहे. भाड्याच्या जागांबाबतही न्यायालयांनी तेच सूत्र वापरलं आहे. लॉक-इन म्हणजे अमुक महिने जागा सोडायचीच नाही ही अट. ती मोडून गेल्यावर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं आपोआप देणं ठरतं का, हा प्रश्न टॉवर व्हिजन विरुद्ध प्रोकॉल या प्रकरणात 2012 साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. ते आपोआप ठरलेलं देणं होत नाही, तो नुकसानभरपाईचा प्रश्न आहे आणि नुकसान दाखवावं लागेल, अशी त्या न्यायालयाची भूमिका राहिली. कंपन्यांच्या वादात जर हे, तर खोटेनगरातल्या दोन खोल्यांसाठी ‘उरलेल्या सहा महिन्यांचे 54,000 काढा’ ही मागणी कशी उभी राहणार?

आता मालकाचं म्हणणं. ते ऐकून घ्यायलाच हवं, कारण आपल्या दोन शहरांतला घरमालक हा कुणी मोठा भांडवलदार नसतो. निवृत्त शिक्षकाने फंडाच्या पैशांतून वरचा मजला बांधलेला असतो. एखाद्या विधवा आजींचं घर तळमजल्याच्या भाड्यावरच चालत असतं. घर अचानक रिकामं झालं तर महिन्याचा हिशेब बिघडतो, हे खरं आहे, आणि कायदाही त्यांची भरपाई नाकारत नाही. वाद फक्त आकड्याचा आहे.

तर आकडा काढू. समजा, देवपुरात वाडीभोकर रस्त्याला एक घर आहे. भाडं 9,000, अनामत 30,000, मुदत 11 महिने. भाडेकरूने महिन्याची नोटीस दिली आणि पाचवा महिना संपताना तो गेला. नवा माणूस यायला 20 दिवस लागले. दिवसाला 300 रुपये धरले तर 6,000 रुपयांचं भाडं बुडालं. नव्या कराराच्या नोंदणीला सुमारे 1,300. दलालाला अर्ध्या महिन्याचं भाडं द्यावं लागलं असेल तर 4,500. सगळं मिळून 11,800. मालकाच्या बाजूने जेवढं मोजता येईल तेवढं मोजूनही 18,200 रुपये भाडेकरूचे निघतात. नवा भाडेकरू साडेनऊ हजारांनी आला असेल, तर जुन्या मुदतीच्या उरलेल्या पाच महिने दहा दिवसांत मालकाला अडीच हजारांहून जास्त भाडं वरचं मिळतं, आणि नुकसान तेवढं आणखी घटतं. तरीही मालकाने पूर्ण 30,000 ठेवले तर तो बुडालेलं भाडं वसूल करत नाही. रिकाम्या न राहिलेल्या महिन्यांचे पैसे तो दोघांकडून घेतो, गेलेल्याकडून आणि आलेल्याकडूनही.

यावर एक नेहमीचं उत्तर मिळतं, की घर पटकन भरायची जबाबदारी मालकाची कशी? ‘आम्ही का धावपळ करायची?’ करार कायद्याच्या कलम 73 च्या स्पष्टीकरणात याचं उत्तर आहे. नुकसान मोजताना, ते टाळण्याची जी साधनं हाताशी होती, ती विचारात घ्यावी लागतात. जूनमध्ये मू. जे. महाविद्यालयाच्या आसपास खोल्या शोधत मुलं दारोदार फिरत असताना फाटकावर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटीसुद्धा न लावता चार महिन्यांचं नुकसान सांगता येत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी या सगळ्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. 31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही जो जागा सोडत नाही, त्याच्याकडून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घेता येते. म्हणजे दंडासारखा भार कुठे टाकायचा, याचा विचार विधिमंडळाने केला होता. तो भार त्यांनी मुदतीनंतर अडून बसणाऱ्यावर टाकला. मुदतीआधी जाणाऱ्यावर टाकला नाही.

याचं कारण राज्याच्या इतिहासात आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचं प्रमाण भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकलं होतं. मग मालक भाडेकरू ठेवायचं टाळून ‘लायसन्स’ देऊ लागले. 1973 साली कायदा बदलला आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. एका तारखेने घर हातचं गेलं, ही धास्ती मालकांच्या दोन पिढ्यांनी बाळगली. अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी नवा कागद, ही सगळी काळजी त्या धास्तीतून आली. जळगावकरांना तर वेगळं उदाहरणही नको. महापालिकेच्या मार्केटांतल्या गाळ्यांची मुदत 2012 साली संपली आणि पुढे थकबाकी, दंड, न्यायालय, आंदोलनं यांत वर्षं गेली. जागा सुटत नाही, हे इथलं खरं भय आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. पण ज्याला भाडेकरू चिकटून बसेल याची धास्ती वाटते, त्याने स्वतःहून नोटीस देऊन, बिलं भरून, किल्ली हातात देणाऱ्याचेच पैसे का अडवावेत? ज्याची भीती होती ते तर त्याने केलेलं नाही.

भाडेकरू मधेच का जातात, यावरही बरंच सैल बोललं जातं. ‘आजकालच्या पोरांना धरबंध नाही’ हे सगळ्यात सोपं कारण. प्रत्यक्षात जळगाव-धुळ्याचं भाड्याचं घर ज्यांच्यावर चालतं, त्यांच्या जाण्याच्या तारखा दुसरे ठरवतात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या 2005 च्या बदली कायद्यानुसार सर्वसाधारणपणे एप्रिल-मेमध्ये होतात आणि विशेष कारण दाखवून मधेच कधीही. बदलीचा आदेश आला की अकरावा महिना संपायची वाट बघत कुणी थांबू शकत नाही. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या मुलाचं नाव पुढच्या फेरीत पुण्याच्या यादीत लागतं आणि चार दिवसांत खोली सोडावी लागते. औद्योगिक वसाहतीतल्या चटईच्या कारखान्यात काम कमी झालं की कामगार गावी परततो. कुणाच्या घरी आजारपण निघतं. आणि उन्हाळ्यात धुळ्यात पाण्याच्या पाळ्या लांबल्या, बोअर आटली, टँकर रोज परवडेना, म्हणून तान्ह्या पोराला घेऊन दुसरीकडे गेलेली कुटुंबंही आहेत. यांतल्या कुणालाही शिक्षा करण्यासारखं काय आहे?

आता तो कागद. तिसऱ्या-चौथ्या पानावरचं कलम मालकाला भक्कम वाटतं, पण बहुतेक वेळा कागदच कच्चा असतो. नोटरीचा शिक्का मारलेल्या स्टॅम्प पेपरला लोक रजिस्टर करार समजतात. तो रजिस्टर नसतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज 1908 च्या नोंदणी कायद्यावरून आला, कारण तिथे वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, असं बंधन घातलं आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोटरीच्या कागदावरच्या ज्या कलमाच्या जोरावर मालक डिपॉझिट ठेवतो, त्या कागदाची नोंदणी न करून त्याने आपलीच बाजू लंगडी केलेली असते.

नोंदणीचा खर्च फार, ही सबब खरी नाही. वरच्याच उदाहरणात 11 महिन्यांचं भाडं 99,000. परत करायच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के दराने 11 महिन्यांचं व्याज 2,750. या बेरजेवर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000. हे कामही ऑनलाइन होतं, आधार क्रमांक आणि अंगठ्याच्या ठशावर, घरबसल्या.

त्या 10 टक्के व्याजाकडे जरा थांबून बघायला हवं. शासन मुद्रांक शुल्क काढताना असं धरतं, की अनामत मालकाकडे असेपर्यंत तिच्यावर वर्षाला दहा टक्के लाभ त्याला होतो आणि तो लाभ भाड्यासारखाच आहे. मूळ रक्कम भाडेकरूची, वापर मालकाचा, हे कर आकारणाऱ्या शासनालाही मान्य आहे. मग मुद्दलसुद्धा मालकाचीच झाली, हे कुठल्या हिशेबाने?

भाडेकरूंची एक खोडही इथेच सांगितली पाहिजे, कारण तिने मालकांचा विश्वास उडवला आहे. शेवटचे दोन-तीन महिने भाडंच द्यायचं नाही आणि ‘डिपॉझिटमधून वळतं करून घ्या’ असा निरोप धाडायचा. पुढे लाइट बिल थकलेलं निघतं, दार मोडलेलं निघतं आणि तारण आधीच खाऊन झालेलं असतं. नोटीस न देता रातोरात सामान हलवणारेही आहेत. ही वागणूक चुकीची आहे आणि अशांच्या अनामतीतून मालकाने पूर्ण वसुली करावी, गरज पडली तर वर दावाही लावावा. पण नियम त्यांच्यासाठीही तोच आहे, झालेलं नुकसान, मोजून, बिलासकट. चार जणांनी फसवलं म्हणून पाचव्याचे पैसे ठेवून घेणं, हा नियम होऊ शकत नाही.

खिळ्यांच्या भोकांचंही तसंच. रंग दोन-तीन वर्षांत उडतोच, टाइल्सची चमक जातेच, नळाचा वायसर झिजतोच. राहिल्याने जी झीज होते तिचं मोल भाड्यातच आलेलं असतं. तुटलेलं बेसिन आणि मळलेली भिंत यांत फरक आहे. रंगकामाच्या नावाखाली पूर्ण घर रंगवण्याचा खर्च एका भाडेकरूकडून काढणं म्हणजे पुढच्याचं घरही त्याच्याच पैशांतून सजवणं. राहायला येतानाच प्रत्येक खोलीचे, नळांचे, मीटरचे फोटो काढून दोघांच्या मोबाइलवर ठेवले, तर शेवटच्या दिवसाचा अर्धा वाद उरतच नाही.

मागायचं कुठे, हा मात्र खरा अडसर आहे आणि मालकाचं पारडं तिथेच जड होतं. कायदा भाडेकरूच्या बाजूने असला तरी 18,200 रुपयांसाठी धुळ्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावायचा आणि तोवर बदली गडचिरोलीला झालेली असायची. तारखांना येण्याजाण्याचा खर्चच रकमेच्या वर जातो. मालकाला हे पक्कं माहीत असतं. म्हणूनच करारातलं कलम कायद्यात टिकत नसलं तरी व्यवहारात चालून जातं. यावर त्यातल्या त्यात सोपी वाट जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची आहे. दावा दाखल होण्याआधीचं प्रकरणसुद्धा तिथून लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नसतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. नर्सिंगला आलेल्या मुलींनी, चटईच्या कारखान्यातल्या कामगारांनी हे माहीत करून घ्यायला हवं.

करारच नीट लिहिला तर इतक्या लांब जावं लागणार नाही. दोन्ही बाजूंनी महिन्याची नोटीस. नोटिशीनंतरही घर रिकामं राहिलं तर प्रत्यक्ष दिवसांचं भाडं, पण जास्तीत जास्त एका महिन्याचं. कापायच्या रकमांची नावानिशी यादी. आणि अनामत परत करायची तारीख. ही शेवटची ओळ नमुन्यातून कायम गायब असते आणि तिच्या जागी ‘पुढचा भाडेकरू आला की देतो’ हे तोंडी वाक्य येतं. पुढचा भाडेकरू कधी येणार, त्याच्याकडून किती अनामत घेणार, हे जुन्या भाडेकरूच्या हातात नसतं. जुन्याच्या पैशाची तारीख नव्याच्या येण्याशी बांधायचं कारण एकच असतं, जुनी अनामत खर्च होऊन गेलेली असते.

तेव्हा टेम्पो खाली उभा असताना, किल्ली देण्याआधी, कराराच्या मागच्या कोऱ्या पानावर एक ओळ लिहून घ्यावी. अनामत इतकी, कपात इतकी आणि कशापोटी, बाकी इतकी, अमुक तारखेला देणार, आणि खाली मालकाची सही. असे पैसे मागण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. नुसत्या नोटिशी पाठवून ती वाढत नाही. पण मुदतीच्या आत मालकाने सही करून देणं लेखी कबूल केलं, तर 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे त्या कबुलीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. टेम्पोवाल्याला दहा मिनिटं थांब म्हणावं, तो थांबतो.